नॉटपेड नाना

"माझं तिकीट निघालं!"

जिन्याखालून ही आरोळी आली तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते, आणि आमचे हे हजिऱ्याच्या कंपनीची बस चुकू नये म्हणून उभ्याउभ्या चहा पीत होते. आरोळी आमच्या घरमालकांची होती. ह्यांनी वरूनच विचारलं, "कुठल्या गाडीचं, नाना?" सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाचं तिकीट म्हणजे नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीचं, दुसरं काय असणार!  अडाण्याशी कोण बोलतं, अशा चेहऱ्यानं नाना शेजारच्या दाराकडे वळले.

दुपारपर्यंत उधन्यातल्या आमच्या गल्लीत त्या तिकिटाला पाय फुटले. समोर राहणाऱ्या परभणीच्या बाईंनी ऐकलं की नानांना महापालिकेचं तिकीट मिळालं. त्या तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आल्या आणि "निवडून आल्यावर नाही, आधी करा" असं बजावून गेल्या. कोपऱ्यावरच्या गुजराती किराणावाल्यांना कुणीतरी घाईघाईत सांगितलं, "नानांचं तिकीट..." उरलेलं वाक्य त्यांनी स्वतःच पुरं केलं. "कपाई गई? अरेरे, काले तो साबु लेवा आव्या हता!" असं म्हणत, नाना वारले या समजुतीनं, त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. तेवढ्यात नाना गोंदाची बाटली मागायला दुकानात हजर झाले.

नानांचं निघालं होतं ते टपालाचं तिकीट. आणि त्या तिकिटावर खुद्द नाना होते.

आता हे नीट सांगायचं तर नाना म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. अकोल्याहून लग्न होऊन मी सुरतेला आले आणि नानांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. पहिल्याच दिवशी नाना वर आले, माझ्या कानामागे हात घातला आणि तिथून एक लिंबू काढलं. नव्या सुनेच्या कानामागे परका पुरुष हात घालतो म्हटल्यावर माझी काय अवस्था झाली असेल! मी किंचाळले. नानांना वाटलं, मी थक्क झाले. त्यांनी लिंबू माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ठेवा. सरबत करा." ते लिंबू आदल्या आठवड्यातलं असावं, कारण त्यातून रस निघाला नाही.

नाना जादूगार होते. म्हणजे पोटापाण्यासाठी ते साडीच्या मार्केटात एका सेठकडे पॅकिंग मास्तर होते, आणि जादू ते उरलेल्या वेळात करायचे. पण स्वतःची ओळख करून देताना ते हे उलट सांगायचे. आमच्या भागात बारसं असो, वास्तुशांत असो, नानांना बोलवावं लागत नसे. काळा कोट घालून ते आपोआप येत. "आता बघा हं, नीट बघा," असं म्हणून ते सुरुवात करायचे, आणि लोक खरोखरच नीट बघायचे, तिथेच सगळं बिघडायचं. बाहीतला रुमाल दिसायचा. पत्त्यांचा कॅट पायावर पडायचा. एकदा त्यांनी हॅटमधून कबूतर काढायचं ठरवलं होतं, पण कबूतर आत झोपून गेलं आणि नानांनी हॅट आपटली तरी उठलं नाही. नाना गडबडले नाहीत. "कबूतर गायब!" असं जाहीर करून त्यांनी हॅट झोपलेल्या कबुतरासकट डोक्यावर घातली.

खेळ फसला की नाना प्रेक्षकांना नापास करायचे. "इथे कदर नाही. परदेशात जादूगारांची तिकिटं काढतात, तिकिटं!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आणि या एका बाबतीत ते खरं बोलायचे, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. साडीच्या एका रिकाम्या खोक्यात, पातळ कागदाच्या घड्यांमध्ये, नानांनी देशोदेशीची टपाल तिकिटं जमवली होती आणि सगळी जादूच्या खेळांची. उंच टोपीतून डोकावणारा ससा. हवेत आडवी तरंगणारी बाई. साखळदंडात बांधलेला माणूस. पत्त्यांचा पंखा धरलेला पांढरा हातमोजा. करवतीनं दोन तुकडे केलेली बाई, तीही हसणारी. मोठी देखणी तिकिटं होती, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे पाहुणा आला की नाना खोकं घेऊन वर येत आणि चिमट्यानं एकेक तिकीट उचलून दाखवत. पाहुण्यानं बोट लावलं तर त्याच्या बोटावर चिमटा मारत.

मी एकदा विचारलं, "नाना, ह्या कापलेल्या बायकांची नावं काय हो?"

"कोणत्या बायका?"

"ह्याच. तिकिटावरच्या."

नानांनी चष्मा पुसून तिकीट पुन्हा पाहिलं. त्या तिकिटावर बाई आहे हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नसावं, अशी मला शंका आली. "त्यांची कसली नावं!" ते म्हणाले. "त्या सामानात येतात."

नानांच्या सामानातल्या बाईला आम्ही आक्का म्हणायचो.

आक्का म्हणजे नानांची बायको. किडकिडीत अंगाची, कमी बोलणारी, आणि बोललीच तर समोरच्याला पाणी मागू न देणारी. दिवसभर दाराशी बसून त्या साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. मार्केटातून गठ्ठा यायचा, संध्याकाळी परत जायचा. टिकल्यांसाठी त्यांच्याजवळ पत्र्याचा एक डबा होता आणि गल्लीत जे जे काही सापडेल, बटण, हूक, रिबिनीचा तुकडा, ते त्या डब्यात जात असे. टाकणं हा प्रकार आक्कांना ठाऊक नव्हता. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी नानांना टाकलं नव्हतं, याचं कारण गल्लीतल्या बायका हेच सांगायच्या.

नानांचा एकच खेळ कधी फसत नसे, आणि तो होता पेटीचा. पार्सलच्या प्लायवूडची एक उभी पेटी होती, तिच्यावर नानांनी चांदण्या रंगवल्या होत्या. आक्का आत जायच्या, दार लागायचं, नाना काठी फिरवायचे, दार उघडलं की पेटी रिकामी! आत एक खोटी फळी होती. तिच्यामागे वीतभर जागेत आक्का गुडघे हनुवटीला लावून बसायच्या. सगळी जादू त्या वीतभर जागेत मावणाऱ्या बाईची होती. नाना बाहेर काठी फिरवायचे आणि टाळ्या घ्यायचे. टाळ्या मिळाल्या की त्यांना भाषण सुचायचं. जादूची परंपरा, परदेशातली तिकिटं, आपल्या सरकारचं दुर्लक्ष. एकदा तर त्यांनी एका नगरसेवकाचा सत्कारही मध्येच उरकून घेतला. आक्का आत, गुडघे हनुवटीला. मग कुणीतरी पुढच्या रांगेतून ओरडायचं, "नाना, बाई काढा!" तेव्हा बाई निघायची. निघाल्यावर थोडा वेळ आक्का पेटीला धरून उभ्या राहायच्या. लोकांना वाटे, त्या नमस्कार करायला वाकल्यात.

नानांना आपलं तिकीट हवं होतं. हा एकच ध्यास. आपल्या देशात पूर्वी एका जादूगारावर तिकीट निघालं होतं हे त्यांना माहीत होतं, पण ते तो गेल्यावर. जिवंत माणसाचं तिकीट सरकार सहसा काढत नाही असं कळलं तेव्हा ते काही दिवस उदास होते. तिकिटासाठी मरायची त्यांची तयारी होती, पण मग ते बघायला आपण नसणार, ही अडचण होती. अशात मार्केटातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की पोस्टात पैसे भरले तर कुणाचाही फोटो तिकिटासोबत छापून देतात. लोक मुलांच्या वाढदिवसाला काढतात, लग्नाला काढतात. नानांनी यातलं फक्त "छापून देतात" एवढंच ऐकलं. पैसे भरल्याचा भाग त्यांनी पुढे कुणालाच सांगितला नाही. "दखल घेतली शेवटी सरकारनं," असं ते सांगायचे.

तर ते तिकीट. जोडतिकीट असतं ते. डाव्या अंगाला आपला फोटो आणि उजव्या अंगाला सरकारचं खरं तिकीट, त्यावर एक फूल आणि किंमत. मध्ये भोकांची रेघ. तिकिटं घरी आली त्याच दुपारी नाना जमिनीवर बैठक मारून बसले आणि त्यांनी सगळी फुलं फाडून वेगळी केली.

हे खुळ्यासारखं वाटेल, पण त्यांच्या हातांना ती सवय होती. मार्केटात साडीच्या लेबलालाही असेच दोन भाग असत. एकीकडे साडी नेसलेल्या बाईचा फोटो, दुसरीकडे भाव. नमुन्याचा माल बाहेरगावच्या पार्टीला, म्हणजे व्यापाऱ्याला, जायचा तेव्हा भावाचा भाग फाडून टाकायचा आणि फोटो तेवढा ठेवायचा, कारण भाव सेठ फोनवर बोलणार. नानांनी उभं आयुष्य हेच केलं होतं. किंमत लिहिलेला तुकडा दिसला की त्यांची बोटं आपोआप तो फाडत. शिवाय, "माझ्या शेजारी फूल कशाला? मी काय नवरदेव आहे?" असंही ते म्हणाले. फाडलेली फुलं जमिनीवर पसरली. आक्कांनी केर काढताना ती वेचली, फुंकर मारली आणि डब्यात टाकली.

मग त्यांनी फोटोकडे पाहिलं.

फोटो जुना होता, पेटीच्या एका खेळातला; त्या खेळाला नाना फेटा बांधत. त्यात नाना आणि आक्का शेजारी उभे होते, आणि आक्कांनी हॅट पुढे धरली होती. तिकिटावर एकच माणूस बसतो असं ठरवून नानांनी आक्कांना कापलं होतं. पण कापताना हात राहून गेला. तिकिटावर फेटेवाले नाना होते आणि कडेनं, कुठूनही न आलेला, हिरव्या बांगड्या भरलेला एक हात हॅट धरून होता.

मी तिथेच होते. नाना मला तिकीट दाखवायलाच बोलावून घेऊन आले होते. आक्कांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हाऊ हात कोना शे?"

नाना म्हणाले, "जादूना."

आक्कांनी तिकीट त्यांच्या हातात परत दिलं. मला मात्र त्या क्षणी नानांच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी आक्कांनी टिकल्यांचा गठ्ठा मार्केटात परत पाठवला, डबा पिशवीत घातला आणि दोंडाईच्याला भावाकडे निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "दूध उतू जास, पातेलाकडे ध्यान ठेवजो वं माय. त्यासले दिसत नही."

गल्लीला आयतं मिळालं. "नानांनी आक्कांना खरंच गायब केलं!" किराणावाले काका तर, आता मावशींना परत आणा म्हणून, रोज मागे लागायचे, "मासीने गायब तो करी दीधां, हवे पाछां लावो ने!" नाना हसून दाखवायचे. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, दोन दिवसांत येईल. मग वाटलं, आठवड्यात येईल. मधल्या काळात त्यांनी पिठाच्या डब्यात मीठ ओतलं, कुकर जाळला, आणि आमच्याकडे जेवायला येताना मुद्दाम कानामागून लिंबू काढू लागले, म्हणजे ताटाचा मोबदला झाला. फोन करा म्हटलं तर म्हणाले, "मी करणार नाही. माझा फोन उचलत नाही ती." यात तसं उलटसुलट होतं, पण आक्का खरंच उचलत नव्हत्या. माझा उचलायच्या.

दरम्यान तिकिटाची कीर्ती पसरत होती. नानांनी अमळनेर, शहादा, नवापूर, जिथे जिथे नातलग, तिथे तिथे पत्रं धाडली होती. मजकूर एकच, "वरील तिकीट पाहावे." आणि मग फोन येऊ लागले. चुलतभाऊ म्हणाला, "नाना, तुझं पत्र सोडवाले पैसा पडनात." साडू म्हणाला, पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय पत्र देत नव्हता. नानांचा चेहरा फुलला. मला बोलावून सांगितलं, "ऐकलं? जन्मभर फुकट खेळ केले. आता लोक पैसे मोजून माझं तोंड बघतात!" मला काही टपालखात्याचं ज्ञान नव्हतं, पण हे गणित कुठेतरी चुकतंय एवढं कळत होतं. मी गप्प बसले, कारण मजा येत होती.

श्रावण जवळ आला तशी नानांची मस्ती उतरली. श्रावणात खानदेशी घरात कानबाई बसते. गावाकडचे भाऊबंद येतात, सगळ्यांनी मिळून नैवेद्याचा रोट खायचा असतो, आणि घरची बाईच नसेल तर देवी बसवायची कुणी? नानांच्या घरची कानबाई आजवर चुकली नव्हती. शिवाय त्या संध्याकाळी गल्लीत पेटीचा खेळ व्हायचा. म्हणजे देवीलाही आक्का हव्यात, पेटीलाही आक्का हव्यात. नानांना हव्यात की नाही, हे नाना सांगत नव्हते. पण संध्याकाळी ते आक्कांच्या जागी, दाराशी, आक्कांच्या पाटावर बसू लागले. एकदा मी पाहिलं तर जमिनीतल्या फटीतून सुईनं एक टिकली उकरून काढत होते.

शेवटी त्यांनी आक्कांना पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. "कानबाई जवळ आली. पेटी पुसून ठेवली आहे. निघून यावे." मी म्हटलं, "नाना, यात माफी कुठे आहे?" तर म्हणाले, "वर तिकीट आहे ना माझं. चेहऱ्यावर सगळं दिसतं."

पत्र गेलं आणि परत आलं. पोस्टमननं नानांच्या दारात उभं राहून नानांकडेच पैसे मागितले. पाकिटावर शिक्का होता आणि कुणीतरी पेननं लिहिलं होतं, घ्यायला नकार. नाना तरातरा पोस्टात निघाले. मला आधारचा पत्ता बदलायचा होता म्हणून मीही गेले. म्हणजे तसं सांगून गेले.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "काका, आ तो तमारो फोटो छे. टिकिट तो बाजुमां हती, फूलवाळी. ए क्यां गई?"

"फाडी नाखी," नाना ऐटीत म्हणाले.

"फाडी नाखी? तो पछी आ नॉटपेडमां ज जाय ने! तमारा मोढानी कंई किंमत नथी, काका. किंमत फूलनी छे."

ती पोरगी, तोंडाला नाही तर फुलाला किंमत असते, हे अगदी समजावून सांगत होती, तिच्या मनात काहीच नव्हतं. पण रांगेतले लोक हसले. मागचा एक जण म्हणाला, "काकीने पूछो, ए पण आ ज कहेशे." नाना वळले. त्यांनी काउंटरवर पैसे ठेवले, स्वतःचं तोंड स्वतःच सोडवून घेतलं आणि ते पाकीट कोटाच्या खिशात घालायला गेले. इतके दिवस ज्या कोटातून त्यांनी रुमाल, लिंबू, पत्ते काढले, त्या कोटाचा खिसा त्यांना पटकन सापडेना. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

रस्त्यात म्हणाले, "म्हणजे अमळनेरवाल्यांनी पैसे दिले ते..."

"दंड, नाना. बिनतिकिटाच्या पत्राचा."

"आणि ही तर पैसे द्यायलासुद्धा..."

मी संध्याकाळी आक्कांना फोन लावला. म्हटलं, पत्र का हो परत केलं? पैशासाठी? आक्का म्हणाल्या, "हाई तोंड मी उभा जनम फुकट देखं. आते पैसा दीसन कसाले देखू?" मग विचारलं, "दूध उतू जास का अजून?"

मी हे नानांना जसंच्या तसं सांगितलं. कमी करून सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण मी काय म्हणून कमी करू?  ऐकून नाना उठले आणि घरभर फुलं शोधू लागले. केराच्या सुपात, पेटीमागे, पाटाखाली. एक फूल मिळालं नाही. फुलं दोंडाईच्याला गेली होती.

हे कळलं ते पुढच्या आठवड्यात, पाकीट आलं तेव्हा. पोस्टमननं ते नानांच्या हातात दिलं आणि पैसे न मागता चालू लागला. नानांनी त्याला हाक मारून विचारलं, "काही द्यायचं?" तो म्हणाला, "ना रे ना, बराबर टिकिट लगाडेली छे." पाकिटावर एक फूल होतं. एका बाजूची कड फाडलेली, बाकी चांगलं टवटवीत. आत आक्कांच्या भाचीच्या अक्षरात दोन ओळी होत्या, कानबाईला येईन, पण पेटीत तुम्ही बसायचं आणि बाहेर मी.

नानांनी ते मला तीनतीनदा वाचायला लावलं. "म्हणजे येतेय," ते म्हणाले. दुसरी ओळ त्यांनी ऐकलीच नव्हती. ती त्यांना ऐकू आली ती कानबाईच्या संध्याकाळी.

सगळी गल्ली जमली होती. समोरच्या कापड कारखान्यातले लूम त्या दिवशी बंद होते, म्हणून माणसांचा आवाज ऐकू येत होता. घरात कानबाई बसली होती, रोटाची तयारी चालली होती, आणि आक्का नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. त्यांनी नानांच्या हातातली काठी काढून घेतली, पेटीचं दार उघडलं आणि बोटानं आत दाखवलं. नाना हसले, लोकांकडे बघितलं, म्हणाले, "गंमत करतेय." आक्का हसल्या नाहीत. नानांनी घरात बसलेल्या देवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेटीत शिरले.

शिरले म्हणजे एक खांदा शिरला. मग पोट अडलं. किराणावाल्या काकांनी आणि ह्यांनी मागून जोर लावला तेव्हा नाना एकदाचे आत गेले. खोट्या फळीमागे त्यांचा फक्त उजवा पाय मावला. आक्कांनी दार लावलं, काठी फिरवली आणि म्हणाल्या, "गायब!" दार उघडलं. नाना होते. जिथल्या तिथे, घामाघूम, फेटा डोळ्यांवर. पोरं लोळण घेऊन हसली. आक्कांनी पुन्हा दार लावलं, पुन्हा काठी फिरवली, पुन्हा उघडलं. पुन्हा नाना.

आक्का लोकांकडे वळल्या. "ह्यासले गायब व्हवाले येत नही," त्या म्हणाल्या. "ते काम मनंच."

अशी टाळी नानांच्या कुठल्याच खेळाला पडली नव्हती. टाळी पडल्यावर भाषण करायचं असतं, पण आक्का नुसत्या उभ्या राहिल्या, काठी हातात धरून, निवांत. घाई नव्हती त्यांना. आतून नाना कण्हत होते. नाना अडकले होते, पाय फळीत रुतला होता. लूमवरचा फिटर पाना आणायला धावला. तेवढ्या वेळात नानांनी मान वर केली आणि अगदी हळू, आपण लोकांपुढे आहोत हे विसरून, त्या वीतभर जागेकडे बोट करून विचारलं, "तू इतला वरीस हठे कशी बठनी वं?"

"मना गुडघासले इचारा," आक्का म्हणाल्या.

मी पुढेच होते म्हणून मला ऐकू आलं. नाना रडत होते की घाम होता ते मला कळलं नाही, आणि मी निरखूनही पाहिलं नाही. फिटरनं फळी खोलली. नाना बाहेर आल्यावर थोडा वेळ पेटीला धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, नमस्कार करायला वाकलेत.

नाना सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ते गल्लीत सांगत होते की तो मुद्दाम बसवलेला विनोदी आयटम होता. खोकं घेऊन पाहुण्यांना छळणं चालूच राहिलं. फरक पडला तो इतकाच की कापलेल्या बाईचं तिकीट आलं की चिमटा थोडा थांबायचा, आणि नाना म्हणायचे, "हिचं नाव छापायला हवं होतं." पेटी त्यांनी मोडली आणि तिच्या प्लायचं आक्कांसाठी बसायचं स्टूल केलं. ते डगमगायचं. आक्का पाटावरच बसायच्या.

पुढे ह्यांना हजिऱ्याला कंपनीचं क्वार्टर मिळालं आणि आम्ही उधना सोडलं. यंदा श्रावणात दारात पोस्टमन आला आणि म्हणाला, पैसे द्यावे लागतील, नॉटपेड आहे. मी पाकीट न बघताच ओळखलं. वर नवं तिकीट होतं. नव्यानं काढलेला फोटो होता, त्यात फेटेवाले नाना आणि त्यांच्या शेजारी अख्ख्या आक्का, दोघं मिळून एकच हॅट धरलेले. आक्का कॅमेऱ्याकडे असं बघत होत्या की कॅमेऱ्यानंच माफी मागावी. आणि उजवी कड, सवयीप्रमाणे, फाडलेली. या माणसाला किती वेळा सांगायचं, असं पुटपुटत मी पोस्टमनला पैसे दिले.

पाकीट फोडलं. कानबाईचं आमंत्रण निघालं, नानांच्या अक्षरातलं. आणि त्याच्या घडीतून, आक्कांनी जपून ठेवलेलं, ते फाडलेलं फूल पडलं.